पाण्यात पाहताना

सकाळी सहाला फाटक उघडतो
आणि जुडग्यात बोटं अजून शोधतात
ती छोटी पिवळी चावी, क्लोरीनच्या खोलीची.
खोलीत आता सायकली असतात
आणि एक फुटकी होडी, कुणाची ते माहीत नाही.

एकतीस उन्हाळे मी या गावाला पाण्यात पाहिलं,
दोन्ही अर्थांनी.
गळ्यात शिट्टी, खिशात परीक्षानळी,
आणि मनात एकच संशय:
कोण उतरलं अंग न धुता,
कुणाचं पोर काठाशी फार वेळ गप्प उभं राहिलं.
संध्याकाळी सगळे गेले की
त्या संशयाच्या मापानं डोस.
वर थोडा, माझ्या समाधानाचा.

निळंशार पाणी. पोस्टकार्डावर तीनदा छापलेलं.
त्यात काहीच जगत नव्हतं,
म्हणून ते स्वच्छ.
पोरांचे डोळे लाल, पोहण्याचे कपडे एका हंगामात विरलेले,
आणि माझं नाक?
ते कधी गेलं, मला कळलंच नाही.
बायको म्हणायची, इग्नाझ, दूध नासलंय,
तोवर मी ते पिऊन टाकलेलं असायचं.

ग्राट्सहून तपासणीला आलेल्या बाई म्हणाल्या,
हा हौदाचा वास ना,
नुसत्या क्लोरीनचा नसतो.
क्लोरीन आणि तुमचा घाम, आणि तुमचं ते दुसरं,
दोघं भेटले की उठतो.
म्हणजे इतकी वर्षं मी ज्याला स्वच्छता म्हणत होतो
ते गावाचंच अंग होतं,
जळत असलेलं.

मग पंप बसला. सभा भरली शाळेच्या जिममध्ये.
एकानं ओझोनचं यंत्र आणलं, फोटोत.
एकानं जांभळा दिवा, ज्याच्यापुढून पाणी गेलं
की जंतू वंश विसरतात.
तांबं आणि चांदीवाला होता, अंगठ्याही त्याच्याच दोन्ही.
मीठवाल्याला मी विचारलं, मिठातून शेवटी निघतं काय?
तो बुटांकडे बघत म्हणाला, क्लोरीन.
पाठीमागच्या दारानं तोच पाहुणा.
तेव्हा रोपवाटिकेची वाल्बुर्गा उभी राहिली,
नखांत माती तशीच:
अर्धा हौद मला द्या.

अर्धा फोडला.
खडी, वाळू, पुन्हा खडी,
त्यात बोरू, लव्हाळे, पिवळे आयरिस, पाणपुदिना.
कुठंतरी पाणी मुरतंय, असं आपण तोंड वाकडं करून म्हणतो.
इथं ते उजळ माथ्यानं मुरतं,
मुळांतून वाट काढतं,
आणि निवळून पलीकडे येतं, काही न बोलता.

पहिला उन्हाळा हिरवा गेला.
खाटीक प्रांटलनं पास परत केला,
काउंटरवर आपटून: बेडकांना विका.
मी काही बोललो नाही. मलाही तसंच वाटत होतं.
जुलैत वाल्बुर्गानं भिंग दिलं हातात.
थेंबात टिचभर जीव उड्या मारत होते,
शेवाळ खात, हिशेब न ठेवता.
माझे नवे नोकर. पगार नाही, सुट्टी नाही.

ते फुकट नाही, हेही सांगतो.
दिवसाला दोनशे माणसं, एक जास्त नाही.
उन्हाचं मलम लावलेलं अंग आधी साबणानं.
शिट्टी आता बदकांसाठी.
दर सोमवारी बाटली प्रयोगशाळेत जाते,
आणि ऑगस्टमध्ये एकदा कागद वाईट आला,
चार दिवस फाटक बंद.
पूर्वी मी रात्रीत मारलं असतं सगळं.
बोरूंना घाई करता येत नाही.
चार दिवस काठावर बसलो,
हात रिकामे, पहिल्यांदाच.

परवा प्रांटलची नात बुडी मारून वर आली,
डोळे उघडे, पांढरे, लख्ख,
आणि म्हणाली, आजोबा, खाली मला माझे पाय दिसले.
प्रांटल काठावर उभा होता, बुटांसकट.

वाल्बुर्गा संध्याकाळी पुदिना चुरडून
माझ्या नाकाशी धरते. येतोय?
येतोय, म्हणतो मी.
ती क्षणभर बघते,
खोटं ओळखते,
आणि दुसरं पान तोडायला वाकते.