रोज एक हात

मी यारीवर असतो.
लिव्हर ओढायचा, डोल वर घ्यायचा, डबर ओतायचं,
आणि खाली उकंडामामा आहे
हे विसरायचं नाही.

राळेगावच्या अलीकडे, झाडेच्या शेतात विहीर.
काळी माती दोन दिवसांत संपली,
मुरूम आठवडाभर पुरला,
मग पाषाण. तेव्हापासून दिवसाला एक हात,
सुरुंग नीट लागला तर दीड.

साडेपाचला त्रिवेणी येते.
सायकल पळसाला टेकवून काठावर पालथी पडते
आणि शाळेत शिकवलेलं
बापाला खाली ओरडून सांगते.
सातवीत आहे. आवाज असा खणखणीत
की एक वाक्य खाली पोचेस्तोवर तीन होतात.

"बा, आपली वर्धा प्राणहितेत जाते,
प्राणहिता गोदावरीत,
अन् गोदावरी पार बंगालच्या समुद्रात!"
खालून बराच वेळ नुसती पहार.
मग, "मुंबईकडं काहून नाई जात वं?"
"उतार, बा. अख्खं पठारच तिकडं कललंय."
रात्री मामानं ताट कलतं धरलं
आणि वरण कुठं जातं ते बघत बसला.
मामी म्हणाली, जेवा आता गुमान.

एकदा तिनं सांगितलं,
नागपूरकडं फार जुन्या लोकांनी
दगडांची रिंगणं मांडली, मधात माणूस पुरला,
कुठं कुठं घोडासुद्धा, दागिन्यांसकट.
"कुदळी कायच्या होत्या त्यायच्या?"
तिला माहीत नव्हतं.
दुसऱ्या दिवशी सायकल उभी करायच्या आधीच ओरडली,
"लोखंडाच्या, बा! कुऱ्हाडी, छिन्न्या, सारं निघालं!"
"मंग आपल्यातलेच," मामा म्हणाला,
आणि हातावर थुंकून पुन्हा पहार उचलली.

विहिरीच्या तळातून भरदुपारी तारे दिसतात,
हे कडू मॅडमनी सांगितलं होतं.
मामा भाकर तशीच ठेवून
बारा वाजता मान वर करून उभा.
पंधरा मिनिटं. मी वरून विचारलं, दिसले?
"एक घार दिसली. अन् तुयं थोबाड.
मॅडमले सांगजो म्हणा, नाई दिसत."
मॅडम वर्गात म्हणाल्या,
मी वाचलं होतं, पाहिलं नव्हतं.
त्या दिवशी त्रिवेणी
विहिरीला तीन चकरा मारून घरी गेली.

मग आठव्या परसाला काळा दगड सुटला.
खाली पांढुरका थर, नखानं उकरावा असा.
"यारी हळू घे रे!"
डोलात एकच चपटा तुकडा,
मामाच्या दुपट्ट्यात गुंडाळलेला.
त्यावर नखाएवढा शंख,
पीळ न् पीळ शाबूत.

तो शाळेत जाऊन आला.
आधी इथं आग वाहिली, त्रिवेणी ओरडत होती,
मग ती निवली, वर तळं साचलं,
तळ्यात ही गोगलगाय राहिली,
अन् मग पुन्हा आग आली, बा!
साडेसहा कोटी वर्षं झाली!
तिनं शून्यं मोजून दाखवली, बोटांवर, काठावरून,
खाली कुणाला दिसणार.

मामानं कोटींचं काही विचारलं नाही.
म्हणाला, "दोन आगीच्या मधात
किती दिवस भेटले तिले?"

मॅडम म्हणाल्या, मला माहीत नाही.
वहीत लिहून घेतलं म्हणे, तारीख टाकून.

तो थर दीड हातात संपला.
आता पुन्हा काळा पाषाण,
आधीचा, पहिल्या आगीचा.
पाणी नाही अजून.

मी सातवीतच शाळा सोडली, तेव्हा शाळेची मला चीड होती.
पण काल घरी जाताना पुलावर गाडी थांबवली
आणि खालच्या पाण्याकडं बघितलं.
ते कुठं निघालंय, मला ठाऊक होतं.

पावणेसहा झाले.
खाली पहार थांबलीय. मामा वर बघतोय.
डोल मी अर्ध्यावरच धरून ठेवलाय.
पळसाला सायकल नाही अजून.