वरची चार बोटं चांदी

पिंप जड होतं, एवढं मी शपथेवर सांगेन.
अडतीस सालचा हिवाळा, मिशिगन,
माझी बर्फगाडी, माझी घोडी टॅबी,
मागे गोणपाटाखाली ते पिंप.
'ही आपल्या बँकेची सगळी पत, ऑरिन, जपून ने,'
झेडॉक पेनिमन म्हणाला
आणि हातावर त्याच्याच बँकेची तीन डॉलरची नोट ठेवली.
नोटेवर एक बाई, कुशीत गव्हाची पेंडी,
मागे धूर सोडणारी आगबोट.
आमच्या ओढ्यात आगबोट काय, बदक धड पोहत नसे.
गहूही नव्हता अजून. नुसते तोडलेले बुंधे.

सरकारी तपासनीस दिवसा मोजायचा,
रात्री खानावळीत घोरायचा.
तो घोरायला लागला की मी निघायचो.
चौदा मैल रान, गोठलेली दलदल,
टॅबीच्या नाकपुड्यांना बर्फाच्या मिशा.
सकाळी दुसऱ्या गावात, दुसऱ्या बँकेच्या टेबलावर
तेच पिंप,
आणि तोच माणूस चष्मा पुसत पुन्हा मोजणार.
तीन गावं. तीन बँका. एक पिंप.

नातू विचारतो, हे सुरू कशानं झालं?
कशानं म्हणून सांगू?
सव्वा डॉलरला एकर होता तेव्हा
जो तो कागदावर शहरं काढत होता;
बीव्हरच्या बिळांवर नाटकगृह, चौक, कारंजी.
मग वॉशिंग्टनहून हुकूम आला, जमीन हवी तर सोनंचांदी आणा.
मग लिव्हरपुलात कापूस पडला म्हणे,
मी कापसाचं झाड आजवर पाहिलेलं नाही,
आणि न्यूयॉर्कच्या खिडक्या धडाधड मिटल्या.
आमच्याकडे मात्र नवा कायदा:
बारा जमीनवाले जमले की झाली बँक.
बारापैकी सहावी सही माझी आहे.
हे नातवाला सांगितलेलं नाही.

फेब्रुवारीत ओढ्याच्या उतारावर गाडी कलंडली.
पिंपाचं झाकण उडालं.
चांदण्यात आधी चांदी सांडली, चार बोटं असेल,
आणि तिच्यामागून, सावकाश,
काळे, चौकोनी डोक्यांचे, घडीव लोखंडी
खिळे.
टॅबीनं मान वळवून पाहिलं.

मी काय केलं?
गुडघ्यांवर बसून सगळं वेचलं.
आधी खिळे भरले. वर चांदी पसरली.
माझ्याइतकं नीट पेनिमनलाही जमलं नसतं.
सकाळी तपासनिसानं वरवर हात फिरवला, मान डोलावली.
परतताना लोव्हिसा गिअरच्या दाराशी थांबून
मी घोडीसाठी ओट्स घेतले
आणि ती आगबोटवाली नोट तिला दिली.
विधवा बाई. नोट उजेडात धरून म्हणाली,
'चित्र सुरेख आहे.'

एप्रिलमध्ये बँकेला कुलूप.
पेनिमन टेक्ससला गेला, की कॅनडाला, कुणी म्हणे मेला.
लोक पहाटेपासून दाराशी उभे, हातात नोटांची चवड,
कुणी दगड मारला नाही.
मारायचा कुणाला? बारांतले नऊ त्याच रांगेत होते.

पुढल्या थंडीत लोव्हिसाच्या घरी गेलो.
ओंडक्यांच्या फटींत तिनं खळ लावून नोटा चिकटवल्या होत्या,
वारा अडावा म्हणून.
बावीस आगबोटी. त्यातली माझी कुठली, ओळखू येईना.
त्या रात्री सगळे खिळे काही पिंपात परत गेले नव्हते.
ती पिशवी मी तिच्या टेबलावर ठेवली.
कुठून आणले, तिनं विचारलं नाही.
एकेक करून मोजून घेतले.
एकशे चार.
मग म्हणाली, 'ओट्सचे अजून बाकी आहेत, ऑरिन.'