एक फेरी परत

मोशीच्या पुढे, खाण बुजवून सपाट केलेल्या रानात
लंबगोल धावपट्टी. टँकर दोनदा फिरला
तरी धूळ बसायला तयार नाही.
मी टेबलापाशी: क्लिपबोर्ड, तीन पेन्सिली.
शाळेत गणित शिकवते म्हणून हे काम माझ्याकडे आलं,
कोणती गाडी रेषेवरून किती वेळा गेली, बस्स.
दारं वेल्डिंगनं बंद केलेल्या जुन्या एट हंड्रेड,
एक झेन, एक एस्टीम, तिचं बॉनेट तारेनं बांधलेलं.

बाविसाव्या फेरीला मुक्ता ढमढेरे इतकी पुढे होती
की तिच्यामागचं वळण रिकामं दिसत होतं.
कमावलेलं रिकामपण.
आणि तिसऱ्या वळणावर, गवतातून,
कसलीच घाई नसलेलं एक तांबडं कुत्रं
धावपट्टीच्या मधोमध येऊन बसलं,
अंग खाजवायला.

सरोशनं पिवळा झेंडा काढला.

पिवळ्याचा कायदा साधा आहे.
कुणाला मागे टाकायचं नाही. जो जिथे, तो तिथे.
वेग उतरवा, पायलट गाडीमागे रांग धरा.
रांग धरली की अंतर मिटतं:
बावीस फेऱ्यांत विणलेली अर्धी फेरी
दीड मिनिटात उसवली,
आणि दुसऱ्या नंबरचा बागवान
मुक्ताच्या बंपरला नाक लावून चालू लागला.
चूक कुणाचीच नाही,
म्हणून दादही मागता येत नाही.

दुसरं कलम मला आवडतं.
एका फेरीनं मागे पडलेल्यांत जो सगळ्यांत पुढे
त्याला त्याची फेरी परत.
फुकट. न मागता.
फक्त, पिवळा ज्याच्यामुळे निघाला त्याला नाही.
तिकडे परदेशात या सवलतीला म्हणे
नशीबवान कुत्र्याचंच नाव आहे.
सरोशनं हे नंतर सांगितलं, आवराआवर करताना,
तेव्हा आम्ही हसलो.

त्या वेळी कुणी हसत नव्हतं.
सतरा की एकतीस?
सतरा म्हणजे नामदेव गवारे,
एरवी निगडीत शाळेची व्हॅन चालवतो.
एकतीस म्हणजे नाना पेठेतल्या स्पेअर पार्टवाल्याचा मुलगा,
टायर कोरे, बापाच्या दुकानातले.
झेंडा निघाला तेव्हा दोघं जोडीनं होते.
वीतभर पुढे कोण, ते तक्त्यात,
आणि तक्ता माझ्या हातात.
एकतीसचे मेकॅनिक गफूरमामा टेबलावर वाकले:
"बाई, तुम्हीच सांगा. तुम्ही तर बघत होता."

मी कुत्र्याकडे बघत होते.

सतरा लिहिलं.
न थबकता, जणू आधीच लिहिलेलं गिरवतेय.
काठावरच्या पोराला अर्धा गुण देताना
हात असाच चालतो.

मग पुन्हा सुरुवात. चुन्याच्या दोन रेषा,
त्यांच्यामध्ये कुठेही पहिल्यानं पाय दाबायचा;
कधी, ते त्याचं त्यानं ठरवायचं.
बाकीच्यांनी त्याचं मागचं चाक वाचत राहायचं.
मुक्तानं दाबला नाही.
अजून नाही.
दुसरी रेषा तोंडावर आली तरी नाही,
आणि बागवाननं रोखलेला श्वास सोडला असेल
नेमका तेव्हा
ती गेली.

हिरवा. धूळ.

गवारे सातवा आला.
जाताना माझ्या टेबलावर चहा ठेवला,
म्हणाला, "नियम आहे म्हणून वाचलो, बाई."
चहावर साय धरेपर्यंत मी तो उचलला नाही.
पलीकडे एकतीसवाला पोरगा
ट्रेलरचे पट्टे आवळत होता,
आवळून झालेलेसुद्धा.

घरी येताना भोसरीच्या सिग्नलला पिवळा लागला.
मी रेषेच्या अलीकडे स्कूटर थांबवली.
मागचे सगळे हॉर्न वाजवत
दोन्ही बाजूंनी
पुढे गेले.