उजवी बाजू

आमची गाडी जपानात जन्मली,
डावीकडून चालणाऱ्या रस्त्यांसाठी.
इथे सगळे उजवीकडून जातात.
म्हणून स्टिअरिंग धरून ताशपोलोत बसतो रस्त्याच्या कडेला,
आणि मी बसते तिथे, जिथे खरं तर ड्रायव्हरने बसायचं.
समोरून येणारा ट्रक आधी मला दिसतो, मग त्याला.
"थांब," मी म्हणते. "थांब. थांब. आता घे."
अकरा वर्षं आमचा संसार एवढ्यावर चाललाय,
एवढ्यावर आणि मागच्या मधाच्या डब्यांवर.

तोक्तोगुलहून बिश्केक. निघायचं रात्रीच,
पहाटे बाजार गाठला तर भाव मिळतो.

दिवेही जपानचेच. त्यांची नजर जराशी डावीकडे वळलेली.
तिकडे डावीकडे फुटपाथ असेल, सायकलवाली पोरं असतील.
इकडे डावीकडे असतात समोरच्याचे डोळे.
येणारा प्रत्येकजण दिवे मिचकावून आम्हाला शिव्या घाली
आणि ताशपोलोत हात वर करी.
"ओळखीचा आहे," म्हणे.
एका खेपेला चाळीसेक ओळखीचे.

काचा पिवळ्या पडलेल्या, म्हाताऱ्याच्या नखांसारख्या.
एकदा मी टूथपेस्टने घासल्या.
आठवडाभर गाडीच्या तोंडाला पुदिन्याचा वास,
उजेड होता तेवढाच.

मग सुसामिरच्या पठारावर ती घोडी.
उजवीकडून आली, त्याच्या बाजूने,
काळोखातूनच काळोखाचा एक तुकडा सुटावा तशी.
मी "थांब" म्हणालेच नाही. मला दिसलीच नव्हती.
आरसा गेला. एक डबा लवंडला.
घोडी चालत निघून गेली, मागे वळूनही न बघता.
बोगद्यापर्यंत आम्ही दोघं गप्प,
पायांखाली मध, हळूहळू पसरत.

"पांढरे बल्ब टाक," त्याने जूमार्तला सांगितलं, "झगझगीत, स्वस्तातले."
जूमार्तने चहाचा घोट घेतला.
"तिरळ्या डोळ्यात जास्त काजळ घातलं, तर तो सरळ बघतो का?"
आणि बिश्केकच्या बसने मागवले दोन दिवे,
घोंगडीत गुंडाळलेले, तान्ह्या जुळ्यांसारखे.
ह्याच गाडीच्या जर्मनीतल्या बहिणीचे.
ती बिचारी मागून ठोकली गेली, डोळे तेवढे वाचले.
किंमत दोन डबे मध, वर थोडी रोख, वर पुष्कळ घासाघीस.

संध्याकाळी शाळेच्या भिंतीसमोर गाडी उभी केली.
पाच मीटर पावलांनी मोजले, खडूने रेघ मारली.
"आधी डबे भरा," जूमार्त म्हणाला.
"रिकाम्या गाडीत लावलेले दिवे भरल्या गाडीत तारे मोजतात.
आणि वहिनी, तुम्हीही बसा."
बसले. अकरा वर्षांत पहिल्यांदा
माझं वजन कुणीतरी हिशोबात धरलं.
स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे.
भिंतीवर उजेडाची कड, सुतासारखी सरळ,
फक्त उजव्या टोकाला जराशी चढलेली,
कुणी एकच भुवई उडवावी तशी.

त्या रात्री कुणीही दिवे मिचकावले नाहीत.
ताशपोलोतचा हात सवयीने दोनदा वर गेला
आणि मांडीवर परत आला.
माझी बाजू मंदावली होती. ट्रक मी आवाजावरून ओळखत होते.
आणि तो बोलू लागला.
"दगड, एकशे ऐंशी." "कुणाचा तरी बूट, एकच."
"कुंपण. म्हणजे इथे कुंपण होतं तर."
"बर्फ पडलेली काटेरी झुडपं, बघ, प्रत्येक काटा वेगळा."
"शिंगरू! आईला टेकून उभं आहे, बघ, बघ."
आई तीच का, कोण जाणे.
घोड्या काही ओळख देत नाहीत.

अकरा वर्षं ह्या माणसाच्या बाजूला काळोख होता.
एका शब्दाने बोलला नव्हता.
मला वाटायचं, तो मुळातच अबोल.

मी त्याच्याकडे बघत राहिले, रस्ता सोडून.
समोर ट्रक.
"थांब," मी म्हणाले,
जरा उशिरा.
तो आधीच थांबला होता.