चार सेकंद

दाबाचा आकडा चुकीचा लावलेला.
काटा तीनशे फूट खोटं बोलत होता.
मला दिसलं.
बक्षी सरांची अकरा हजार तासांची मनगटं
निवांत होती, म्हणून मीही.
"सर" एवढंच आलं ओठांवर,
पुढचं वाक्य गालात सुपारीसारखं राहिलं.
मग यंत्रच ओरडलं.

वर गेलो, फिरून उतरलो.
मागं कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.
अहवालात तीन शब्द: समन्वयाचा अभाव आढळला.

सुट्टीत हरिपूरला आलोय.
संगमाच्या अलीकडं शर्यतीची होडी सरावाला उतरलीय.
मागं सुकाणूवर इलाहीमामा,
चाळीस वर्षं ह्याच पाण्यात.
पुढं टोकाला दाजी कोळ्याचा सातवीतला पोरगा,
"मामा, डावीकडं खडक हाय! दिसंना व्हय तुला?"

मामानं विचारलं नाही, तू कोण सांगणारा.
होडी वळली.
एकही वल्हं चुकलं नाही.

पोरगा निथळत वर आला, शेजारी टेकला.
"इमानात म्होरं कोण बसतंय?"
"दोघं."
"मग हाळी कोण देतंय?"

मी चपलेतली वाळू झटकत राहिलो.
वाळू कधीच संपली होती.