शांत डोळा

मक्याच्या पानाची धार ती केवढी!
एलिनामी म्हणाला, नुसतं लागून गेलं.
चौथ्या दिवशी मला त्याच्या बुबुळावर
राखेच्या कणाएवढं पांढरं दिसलं.

डोळा लाल नव्हता.
पाणी नाही, चिपडं नाहीत, सूज तर नावालाही नाही.
मोशीच्या दवाखान्यात बाकावर
बाकी सगळ्यांचे डोळे पिकल्या मिरचीसारखे
आणि हा मध्येच बसलेला,
कुणाची सोबत करायला आल्यासारखा.
रांग लावणाऱ्या पोराने त्याला तीनदा मागे सरकवलं.

डॉक्टर म्लाकींनी मात्र दिवा धरला,
बराच वेळ गप्प राहिले, मग विचारलं,
गोळ्या कसल्या चालू आहेत?

मी पिशवी टेबलावर पालथी केली.
माझ्या डाव्या कुशीतलं एक मूत्रपिंड
सहा वर्षं झाली, त्याच्या पोटात नांदतं.
सख्ख्या बहिणीचं असलं तरी
त्याच्या रक्तातले राखणदार त्याला परकंच समजतात.
म्हणून सकाळ-संध्याकाळ या गोळ्या,
राखणदारांना झोपवणाऱ्या.
पण ते एकाच दारापुरते झोपत नाहीत,
हे कुणी सांगितलंही असेल तेव्हा.
आमच्या ध्यानात राहिली फक्त किंमत आणि वेळ.

सेनकोरोने बुबुळ हलकंच खरवडलं, काचेवर घेतलं,
मलाही बघू दिलं भिंगातून.
फांद्या. गाठीगाठींच्या, काचेसारख्या आरपार.
अख्खं बन उगवलं होतं
आणि एक कुत्रं भुंकलं नव्हतं.
वाळवी लागल्या घरातून धूर येत नाही, तो म्हणाला.

गोळ्या तशाच ठेवल्या तर बुरशीला रान मोकळं.
थांबवल्या तर माझं मूत्रपिंड जाणार
(मी अजून 'माझं' म्हणते, तो चिडतो).
आणि राखणदार एकदम जागे झाले
तर तेही काही साधे नव्हेत,
बुरशीला मारता मारता बुबुळच वितळवतील.
कुंपणाने शेत खायचं ते असं.
दार-एस-सलामला फोन झाले.
शेवटी एक गोळी निम्मी केली, बाकी तशाच.
आणि थेंब, दुधाळ, बाटली हलवून,
दर तासाला, रात्रीसुद्धा.

लोक डोळ्यात तेल घालून राखण करतात,
मी त्याच्या डोळ्यात औषध घालून केली.
शेजारच्या न्देतारंग्वाकाकू दुकानातले थेंब घेऊन आल्या:
माझ्या नातवाची लाली एका रात्रीत गेली बघ.
म्हटलं, इथे लाली आहे कुठे काढायला?
आणि त्यांच्या नातवाची लाली गेली,
मागोमाग डोळाही गेला,
ते मी बोलले नाही.

नवव्या रात्री तो कण्हला.
दिवा सहन होईना. उशीत तोंड खुपसून
मला, आईला, मक्याला शिव्या दिल्या.
पहाटे पापणी उघडून पाहिलं
आणि मी अनवाणी पळत सुटले ओसरीतून:
लाल झाला! लाल झाला!
घरात मूल जन्मल्यासारखी.
बाकावरच्या लाल डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं,
कुणीतरी थोडं सरकून बसलं.
म्लाकी हसले, पण अर्धंच.
म्हणाले, आता बेताने.
जाग हवी, दंगल नको.

अकरा आठवडे.
बुबुळावर नखाएवढा ढग कायमचा राहिला.
त्या डोळ्याने किबोचं शिखर दिसत नाही आता.
तो म्हणतो, एरवी तरी कुठे दिसतं,
महिन्यातून चार दिवस.

निम्मी गोळी पुन्हा अख्खी झाली आहे.
संध्याकाळी केळीच्या बागेतून येऊन
मी त्याच्या तळव्यावर मोजून ठेवते.
कधी कधी तो चांगला डोळा मिटतो,
ढगातून माझ्याकडे पाहतो,
विचारतो, कोण आहे?

परकी, मी म्हणते.
गीळ आता.