पंच नंबर दोन

पुलाच्या अलीकडं माह्यं पंक्चरचं दुकान.
नदीच्या त्या काठाले दारू उघडी,
या काठाले बंदी.
मधात पानी. त्याले दोन्ही जिल्हे सारखे.

नाक्यावर शिटी वाजली का हवालदार बोटकुले हाक मारते,
"ये बे वरठी, सही दे."
मी हात पुसतो, तरी सोल्युशन अंगठ्याले चिकटूनच रायते,
म्हनून माह्या हरेक सहीखाली
एक करडा डाग.

रुमाली पवार एस्टीतून उतरली
तवा दिवस बुडाला होता. डोक्यावर पोतं.
पारधी बाई, पोतं आन अंधार,
बोटकुलेची बेरीज तिथंच झाली.
कागदावर मात्र ते मोठ्या थाटात आलं:
"खात्रीलायक बातमी मिळाल्यावरून,
दोन लायक पंचांसमक्ष..."

मी समक्ष नव्हतो.
मी ट्यूब बुडवून बसलो होतो घमेल्यात,
बुडबुडा कुठून येते ते पाहात.
पाठीमागून तिचा आवाज आला फक्त,
"बाई पोलीस आना पयले, मंग हात लावा."
मंग पोतं आपटल्याचा आवाज.
मंग कागद आला.
पंच नंबर एक सही करून चहा प्याले गेला होता.

कागदावर पोत्यात मोहाची आठ लिटर निघाली.
रुमाली म्हने, जुने लुगडे होते
आन डिंकाची पुडी,
लेकीचा नववा चालू होता.

अडीच वर्सानं समन्स आलं.
वकील ताकसांड्यानं टेबलावर एकोनीस पंचनामे मांडले,
पत्ते मांडतात तसे.
हरेकावर माह्या अंगठ्याचा डाग.
"सोळा तारखेला सव्वासात वाजता तुम्ही नाक्यावर होते.
सव्वासातलाच बावीस किलोमीटरवर, दुसऱ्या गावात.
कोणत्या गाडीने गेले?"
"सायकल हाय साहेब.
पन तिचं मागचं चाक सहा महिन्यापासून बसलं."
सारं कोर्ट हासलं.
जज बाई हासल्या नाई. त्यायनं चष्मा काढला.
"पोतं उघडताना पाहिलं का तुम्ही?"

बोटकुले दाराजवय उभा होता.
मले आयकू आलं तेच, आपटल्यावानी.
"नाई," मी म्हनलं.

निकालाची नक्कल मी पैसे भरून आनली.
मास्तरच्या पोरानं वाचून दाखोली:
"डोक्यावर ओझे असणे हा संशय नव्हे.
आरोपीची जमात हे झडतीचे कारण होऊ शकत नाही.
बातमी कोणी दिली, केव्हा दिली,
स्टेशन डायरीत नोंद नाही.
महिला अंमलदार हजर नव्हती.
पंच क्रमांक दोन हा विश्वासास पात्र नाही."
पोरगं थांबलं. म्हनलं, वाच, अजून एकदा वाच.
माह्याबद्दल सरकारी कागदावर आलेलं
हे पयलं खरं वाक्य.
पिलास्टिकमधी घालून पंपाच्या खिळ्याले टांगलं.
गिऱ्हाईक इचारते, लायसन हाय का?
मी म्हनतो, तसंच.

पोया झाल्यावर रुमाली आली,
कडेवर नात, डिंक न खाताच झालेली.
मी उठून फळी पुसली. ती बसली नाई.
खिळ्यावरच्या कागदाकडं पाह्यलं तिनं,
वाचता येत नाई तिले,
डाग मात्र ओयखू आला.
"एक सांग व भाऊ," म्हने,
"थे आठ लिटर मंग पेलं कोन?"

काल सांजच्याले शिटी वाजली.
मोटरसायकलवर पोट्टं, पोटाशी बॅग धरून,
कागद बोनेटवर आधीच लिहून तयार.
"ये बे वरठी, सही दे."
मी हात पुसले नाई. गेलो.
म्हनलं, "चैन उघडा. मले पाहू द्या पयले."

बोटकुलेनं मान वर केली,
आन मले पायापासून टाळूपर्यंत पाह्यलं
सावकाश,
माह्या डोक्यावर पोतं असल्यावानी.